मूल सोडून जायचं नाही, सोबत बसायचं : 'फॅमिलीज ॲज फर्स्ट टीचर्स'

ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीत, दूरदूरच्या आदिवासी वस्त्यांमध्ये, २००९पासून 'फॅमिलीज ॲज फर्स्ट टीचर्स' (घरचेच पहिले शिक्षक) ही सरकारी सेवा चालते. तिथले लोक तिला नुसतं 'फाफ्ट' म्हणतात. बालवाडीत जाण्याआधीच्या वयाची, अगदी तान्हीसुद्धा, मुलं इथे खेळायला येतात. जागा बहुतेक ठिकाणी शाळेच्या आवारातच. एक शिक्षिका आणि जोडीला वस्तीतलीच, तिथली भाषा बोलणारी कार्यकर्ती. नियम एक: मूल सोडून निघून जायचं नाही. आई, आजी, मावशी, कोणीतरी घरचं माणूस सोबत बसलंच पाहिजे. आमच्या मते या सेवेची निम्मी किंमत या एका नियमात आहे.

शिकवण्याची पद्धत 'अबेसेडेरियन' या अमेरिकी प्रयोगातून घेतली आहे. नॉर्थ कॅरोलायनात १९७२ साली तो सुरू झाला. त्यात १११ मुलं होती आणि ती मोठी होईपर्यंत त्यांचा माग ठेवला गेला. त्यातून चार गोष्टी उचलल्या: पुस्तकावर गप्पा, वयानुसार खेळांची कार्डं, लंगोट बदलताना-भरवताना-हात धुताना बोलत राहणं, आणि दिवसभर भाषेला पहिला मान. निवड चांगली आहे. पण मात्रेचा फरक विसरून चालणार नाही. मूळ प्रयोगात ज्या मुलांना ही शिकवण मिळाली, ती तान्हेपणापासून आठवड्याचे पाच दिवस, दिवसभर केंद्रात असत. फाफ्टमध्ये मूल येतं ते काही तास, आणि तेही घरच्यांना जमेल तेव्हा. म्हणून तिथल्या निकालांचं माप इथे लावू नये. खेळ घरी पोचला तरच ही मात्रा भरते.

पुस्तकावरच्या गप्पा जवळून पाहण्यासारख्या असतात. एका मोठ्या माणसाजवळ एक, फार तर दोन मुलं. पायऱ्या तीन. आधी नुसतं पाहायचं: मोठ्या माणसाने चित्रावर बोट ठेवून नाव घ्यायचं, "हे बघ, कासव." मग दाखवायचं: "कासव कुठंय?" मुलाने बोट ठेवलं की झालं. मग बोलायचं: "हे काय?" तान्ह्याला पहिली पायरी पुरते. घाई होते ती इथेच. पुस्तक उघडताच "हे काय, ते काय" सुरू होतं आणि मूल मिटून जातं. त्यात अनेक आदिवासी घरांत, उत्तर ठाऊक असताना मुद्दाम प्रश्न विचारायची रीतच नाही. त्या मुलाच्या गप्प बसण्याला 'येत नाही' म्हणणं हा अन्याय आहे. प्रश्न विचारून मनात सावकाश पाच आकडे मोजावेत, तोवर तोंड उघडू नये. गप्प बसण्याचं दुसरं कारण कानाचं. या वस्त्यांमध्ये लहान मुलांच्या कानात पाणी साचणं, कान वाहणं फार आढळतं. मुलाला मागून हाक मारून उपयोग नाही. समोर बसावं, ओठ दिसू द्यावेत, पंखा आणि टीव्ही बंद ठेवावा. मूल वारंवार दाद देत नसेल तर दवाखान्यात कान तपासून घ्यावेत.

पुस्तकच हवं असंही नाही. मध्य वाळवंटातल्या अरेंटे, वार्लपिरी बायका वाळूत बोटाने आकृत्या काढत गोष्ट सांगतात. पाहा-दाखव-बोल या तिन्ही पायऱ्या त्या वाळूवर अलगद बसतात. आपल्याकडच्या धूळपाटीवर वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. ज्या केंद्रात आजीला वाळू मोकळी करून देतात, तिथे तिला पुस्तकापुढे अवघडून बसावं लागत नाही.

बसण्याच्या जागेचा विचार फार बारकाईने करावा लागतो. आईच्या बहिणीलाही आईच म्हणणारी ही नाती आहेत ('माय मरो, मावशी जगो' म्हणणाऱ्या आपल्याला हे पटकन कळावं). पण सासू-जावयासारख्या काही नात्यांत एकमेकांसमोर यायचंच नसतं. एकच मोठी सतरंजी अंथरली तर काही माणसं दारातूनच परत फिरतात. बाहेर झाडाखाली दुसरी चटई आणि खोलीला दोन दारं असली की प्रश्न सुटतो. भिंतीवरच्या आणि घरी बनवलेल्या पुस्तकांतल्या फोटोंचंही तसंच. माणूस गेलं की त्याचं नाव आणि फोटो काही काळ टाळण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. त्यामुळे पानं शिवून टाकू नयेत. कड्यांच्या फाइलीत लावावीत, म्हणजे एक पान काढता येतं आणि पुस्तक चालू राहतं. काढायचं की झाकायचं, हे त्या घरच्यांना विचारूनच ठरवावं.

हजेरीचा पट पाहून सेवा जोखणं चूक आहे. नोव्हेंबर ते एप्रिल उत्तरेकडचे अनेक रस्ते पावसाने बंद होतात. मर्तिक असलं की अनेक घरं आठवडेच्या आठवडे दुसरीकडे जातात. म्हणून 'मागच्या वेळचं पुढे' असा क्रम इथे टिकत नाही. प्रत्येक दिवसाचा खेळ त्या दिवशी पुरा व्हायला हवा आणि जाताना एक कार्ड हातात द्यायला हवं. कार्डावर विकतचं खेळणं असेल तर ते बदलून शिंपले, बिया, पत्र्याचे डबे घालावेत. (गिळता येतील एवढ्या बिया तीन वर्षांखालच्यांना नकोत.)

खरा दोष एकच, आणि तो चांगल्या मनाच्या शिक्षिकांकडूनच होतो. मूल रमत नाहीसं दिसलं की त्या स्वतः खाली बसून खेळ हातात घेतात. दोन आठवड्यांत आया भिंतीला टेकून मोबाइल पाहू लागतात. त्यावर उपाय म्हणजे शिक्षिकेने खेळ आईला एकदाच दाखवावा आणि मागे सरकावं. मुलाशी त्याच्या घरच्या भाषेत आईने बोलावं. अडलंच तर मदत वस्तीतल्या कार्यकर्तीने करावी. ती कार्यकर्ती पूर्ण पगारी आणि कायम असेल तिथे सेवा उभी राहते. बाहेरून आलेली शिक्षिका बदलून गेली तरी हिला घरं, नाती, भाषा ठाऊक असतात.

आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ला बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडच्या वारली पाड्यांवर बालवाडी थेट अंगणात नेली, तेव्हा आया आपोआप भोवती असत. आजच्या अंगणवाडीत मूल दारात सोडून आई कामाला जाते, आणि मजुरीच्या दिवसांत ते चुकणारही नाही. पण आठवड्यातला एक दिवस, आहार वाटपाला आया येतात तोच, अर्धा तास सतरंजीवर राखून ठेवता येईल. तीन पायऱ्या, एक चित्र, आणि बोलायचं आईने.