होमस्टेवाल्यांचं इंग्रजी: ग्रामरली विकत घ्यावं की लँग्वेजटूल बसवावं?

तारकर्लीपासून दापोलीपर्यंत होमस्टे चालवणाऱ्यांना रोज इंग्रजी लिहावं लागतं: बुकिंगची उत्तरं, खोल्यांची वर्णनं, पैसे परत देण्याचे नियम. त्यातल्या चुका दाखवणाऱ्या ग्रामरलीची वर्गणी भरण्याआधी तेच काम करणारं ओपन सोर्स लँग्वेजटूल वापरून बघा, आणि तेही स्वतःच्या कॉम्प्युटरवर बसवून.

पहिलं कारण पावसाळा. ग्रामरलीला नेट लागतंच. जुलैत दोन दिवस लाइन गेली की तपासणी बंद. लँग्वेजटूलचा सर्व्हर, म्हणजे तपासणी करणारा प्रोग्राम, आपल्याच मशीनवर चालतो. त्यासाठी जावा हे सॉफ्टवेअर टाकलेलं हवं, एवढंच. पाहुण्याचं नाव-गाव, पासपोर्टचा तपशील असलेला मजकूरही घराबाहेर जात नाही.

लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये 7.4 आवृत्तीपासून लँग्वेजटूलची जोडणी आतच आहे. टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेज सेटिंग्ज (नव्या आवृत्त्यांत 'लँग्वेजेस अँड लोकेल्स') अशा वाटेनं जाऊन सर्व्हरचा पत्ता भरायचा: लोकलहोस्ट, पोर्ट 8081 आणि शेवटी तिरकी रेघ देऊन 'व्ही2' (http://localhost:8081/v2). हा शेवटचा तुकडा बऱ्याचदा राहून जातो आणि मग तपासणी होतच नाही.

खरी मेख एन-ग्रॅमच्या डेटात, म्हणजे कोणते शब्द शेजारी किती वेळा येतात याच्या नोंदीत आहे. 'सी व्ह्यू'मधला समुद्राचा 'सी' चुकून बघण्याचा 'सी' झाला, तर साधा स्पेलचेक गप्प बसतो, कारण दोन्ही शब्द बरोबरच आहेत. अशा जोड्या शेजारच्या शब्दांवरून ओळखायला इंग्रजीचा सुमारे 8 जीबीचा डेटा वेगळा उतरवावा लागतो, आणि उलगडल्यावर तो आणखी जागा घेतो. तो एसएसडीवरच ठेवा, जुन्या हार्डडिस्कवर तपासणी रखडते. सर्व्हरला इंग्रजीच्या फोल्डरचा नव्हे, त्याच्या वरच्या फोल्डरचा मार्ग द्यायचा. इथेच सगळे अडखळतात.

पैसे कुणी भरावेत? परदेशी एजंटांशी रोज लांबलचक पत्रव्यवहार असेल त्यांनी. अख्खं वाक्य नव्यानं बांधून देण्यात, सूर सांभाळण्यात ग्रामरली सरस आहे. लँग्वेजटूलचेही पैसे घेऊन मिळणारे जादा नियम घरच्या सर्व्हरवर येत नाहीत.

मराठी मेनूकार्डासाठी मात्र दोघांचाही उपयोग नाही. लिब्रेऑफिसचा मराठी शब्दकोश शुद्धलेखन बघतो, व्याकरण नाही. 'ती आला' बिनबोभाट सुटतं. 'दऱ्या'च्या जागी 'दर्या' पडला तरी तेच, दरीचा समुद्र होतो आणि लाल रेघ येत नाही. उलट त्या 'ऱ्या'मधला अर्धा र युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरवर अक्षरं साठवायची आजची प्रमाण पद्धत) दोन तऱ्हांनी टाइप होतो. दिसायला एकच, पण शब्दकोशात दुसरी तऱ्हा असेल तर बरोबर शब्दाखालीही रेघ उमटते. छापखान्यातून आलेली फाइल श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधली असेल, तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. नाहीतर तपासनीसाला तिथे मराठी दिसतच नाही.