स्टेशनपासून १५ मिनिटं, आणि आमचे ५,२८,८०० रुपये

सोलापूरच्या हद्दीबाहेरच्या एका प्लॉटसाठी आम्ही दिले ते असे : ५१,००० टोकन. ३,५०,००० इसार. ६,०००चे दहा हप्ते म्हणून सांगून एकदम घेतलेले ६०,००० 'डेव्हलपमेंट'चे. ४५,००० 'एन.ए.चा खर्च', म्हणजे जमीन बिनशेती करून घेण्याचा. वर दोन टक्के दलाली, २२,८००. बेरीज ५,२८,८००. त्या बदल्यात हातात काय आहे? पाचशेच्या स्टॅम्पवरची नोटरी, एक गुळगुळीत रंगीत नकाशा आणि 'खात्यात पुरेशी रक्कम नाही' असा शेरा मारून परत आलेला दोन लाखांचा चेक.

जाहिरात सगळ्यांनी पाहिलेलीच असेल, नाव तेवढं दर महिन्याला बदलतं. 'स्टेशन १५ मिनिटं, जुळे सोलापूर १० मिनिटं, विमानतळालगत, एन.ए. प्लॉट, तात्काळ ताबा.' पुढचा तमाशाही ठरलेला : रविवारी साईट व्हिजिट, गाडी त्यांची, उपीट-चहा त्यांचा, आणि 'मालक, कॉर्नरचे दोनच राहिलेत, संध्याकाळपर्यंत सांगा.' ते उगाळत बसत नाही. या लोकांचा माल म्हणजे ती 'पंधरा मिनिटं' असतात, जमीन त्याला नंतर चिकटवलेली असते, एवढं मात्र कुणी आधी सांगत नाही.

माणूस महापालिकेच्या हद्दीबाहेर का जातो, हेही बोलू. 'हाव होती, म्हणून फसलात' हे वाक्य ऐकून कान किटलेत. पेठेतल्या घराला गाडी लावायला जागा नाही. रेल्वे लाईन्स, मोदी, सात रस्ता या पट्ट्यातला भाव नोकरदाराला झेपत नाही. जुळे सोलापुरात रस्ते रुंद, दुकानं, शाळा, दवाखाने हाताशी, पण मोकळा प्लॉट शोधायला उशीर झालाय. मग शहरही हवं, कामावर जाणं-येणंही जमायला हवं आणि बजेट १२ लाखांच्या आत हवं, असा माणूस ९५० रुपये फुटाने १,२०० फूट, म्हणजे ११,४०,००० ऐकून थांबला तर त्यात हाव कसली? हिशेब करूनच माणूस थांबतो. हिशेबात घातलेले आकडे त्यांनी खोटे दिलेले असतात.

मिनिटांचा खेळ असा चालतो. मोबाईलवर जे लोकेशन पाठवतात ते प्लॉटचं नसतं, हद्दीवरच्या शेवटच्या चौकाचं असतं. तिथून पुढे 'अगदी जवळ'. ते जवळ म्हणजे दोन-अडीच किलोमीटर, त्यातला शेवटचा तुकडा नुसती गाडीवाट. साईट दाखवायची वेळ रविवारी सकाळची, म्हणजे रस्ता मोकळा. तोच रस्ता सोमवारी सकाळी साडेनऊला बघा. सोलापूर हे पुणे-हैदराबाद आणि विजापूर-धुळे या दोन्ही महामार्गांवरचं गाव आहे. केगाव-देगाव-सोरेगाव-हत्तूर बायपास झाला तरी शहराच्या अंगावरची जड वाहनं संपलेली नाहीत. गाळप हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे आला की ओव्हरटेक विसरायचं. रेल्वेमार्ग शहर कापून जातो, त्यामुळे घर रुळाच्या एका बाजूला आणि ऑफिस दुसऱ्या बाजूला असेल तर सगळी मदार ठरावीक पुलांवर. एका पुलाचं काम निघालं की पंधराची चाळीस मिनिटं व्हायला वेळ लागत नाही. सिटी बस धरून चालू नका. रिक्षावाले हद्दीबाहेर गेलं की परतीचं भाडं लावतात, आणि रात्रीच्या गाडीने आलात तर ते म्हणतील तो भाव.

पावसाळ्याचं तर कुणी बोलतच नाही. साईट दाखवतात फेब्रुवारी-मार्चमध्ये. ज्वारी निघालेली, रान तापून टणक झालेलं, चुन्याच्या रेघा, पांढरे दगड, सगळं ऐटीत. ती काळी जमीन आहे. जुलैत तिथे दुचाकी घातली की मडगार्डात चिखल बसून चाक फिरायचं बंद होतं, गाडी ढकलतसुद्धा नाही. मुरुमाचा एक थर टाकून 'रस्ता केला' म्हणतात. तो पहिल्याच पावसात मातीत बुडतो, कारण खाली मोठ्या दगडाचं सोलिंग नसतं आणि बाजूला पाणी जायला चर नसतो. प्लॉट ओढ्याच्या अंगाला आहे का, हे विकणाऱ्याला विचारू नका. शेजारच्या रानात काम करणाऱ्याला विचारा, तो एका वाक्यात सांगतो.

पाण्याची थाप वेगळीच. 'महापालिकेची लाईन येतीये.' हद्दीबाहेर महापालिका कशी येईल? १९९२ च्या हद्दवाढीत आत आलेल्या भागांतसुद्धा ड्रेनेज अजून सगळीकडे पोहोचलेलं नाही. आणि हद्दीच्या आत तरी काय? पाणी रोज नाही, काही दिवसांआड. म्हणून आतलं घर बघतानाही हौद मोजा. पाच माणसं, माणशी १३५ लिटर, पाच दिवस, म्हणजे ३,३७५ लिटर. पाच फूट लांब, पाच रुंद, पाच खोल हौदात साधारण साडेतीन हजार लिटर बसतं. त्याहून लहान हौद असेल तर टँकरचा खर्च घराच्या भावात धरा. हद्दीबाहेर तर बोअरवर भिस्त, आणि ते एप्रिलमध्ये काय करतं ते सोलापूरकराला सांगायला नको.

आता कागद. सगळ्यात जास्त तळतळाट इथेच होतो.

विकणाऱ्याने सातबारा दाखवला होता. 'कोरा आहे मालक, बघा,' म्हणत 'इतर अधिकार' या रकान्यावर बोट ठेवून दाखवला. रकाना खरंच मोकळा होता. ती झेरॉक्स होती आणि झेरॉक्स काढताना खालची दोन बोटं पट्टी कापलेली होती. उतारा कोणत्या तारखेला काढला ते नेमकं त्या पट्टीत असतं. उतारा निघाला चार वर्षांपूर्वीचा. ताज्या उताऱ्यावर त्याच रकान्यात बँकेचा ८,००,००० चा बोजा बसलेला आहे. महाभूमी या सरकारी संकेतस्थळावर डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो. पंधरा रुपये! पण समोरचा सातबारा देत असताना 'थांबा, मी माझा काढतो' म्हणणारे किती जण असतात? पट्टी कापली त्याने, लपवलं त्याने, आणि जो तो आम्हालाच विचारतो, 'तुम्ही नीट बघितलं नाही का?'

नकाशातही तेच. प्लॉटसमोरचा १२ मीटरचा रस्ता तुटक रेघेत काढलेला. तुटक म्हणजे प्रस्तावित, म्हणजे जागेवर नाही. कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात 'नियोजित' लिहिलेलं. गोल शिक्का होता, पण ग्रामपंचायतीचा. लेआऊट मंजूर करायचा अधिकार ग्रामपंचायतीला नसतो. खरा नकाशा असेल तर त्यावर मंजुरीचा क्रमांक आणि तारीख असते, सोबत अटी-शर्तींचा आदेश असतो. आदेश मागा. 'ऑफिसला आहे' म्हणाले तर उठा. विकास आराखड्यात जमीन शेती विभागात असेल तर 'एन.ए. होतंय' या वाक्याला काडीची किंमत नाही. झोन दाखला मिळतो, तो स्वतः अर्ज करून घ्या. आणि विमानतळ जवळ असल्याची हौस असेल तर ध्यानात ठेवा, होटगी रोडच्या त्या बाजूला बांधकामाच्या उंचीवर मर्यादा येते. फ्लेक्सवर ते 'वैशिष्ट्य' म्हणून छापतात.

क्षेत्राची चोरी तर कुणाच्या लक्षातच येत नाही. पैसे १,२०० चौरस फुटांचे घेतले, नोटरीत क्षेत्र लिहिलं '०.०१.०० हे. आर'. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणजे १,०७६ चौरस फूट. १२४ फूट गायब, ९५० च्या भावाने १,१७,८०० रुपये. विचारलं तर उत्तर तयार : 'रस्त्याचा वाटा धरून हो.' तो रस्ता, जो तुटक रेघेत आहे.

तुकडेबंदीचं, म्हणजे शेतजमिनीचे लहान तुकडे पाडायला मनाई करणाऱ्या कायद्याचं, नाव काढलं की हल्ली नवी पळवाट सांगतात, 'सरकारने २०२५ मध्ये सगळं मोकळं केलं.' ती सवलत १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंत आधीच पडलेल्या तुकड्यांसाठी आहे, तीही ठरावीक क्षेत्रांत. आज रानात नव्या रेघा मारायचा तो परवाना नव्हे. एरवी जिरायत २० गुंठे आणि बागायत १० गुंठे या प्रमाणभूत क्षेत्राखालचा तुकडा नावावर होत नाही. म्हणून हे लोक दहा-बारा गिऱ्हाईकांची नावं एका दस्तात सामाईक घालतात. दस्त नोंदला जातो, लोक पेढे वाटतात. पण तुमचा तुकडा कोणता हे त्या दस्तात कुठेच नसतं, चतुःसीमा नसतात, बँक कर्ज देत नाही आणि तो तुकडा वेगळा करून विकायला बाकीच्या सगळ्यांच्या सह्या लागतात. इथे तर दस्तही नव्हता. जमीनमालक एकदाही समोर आला नाही, सगळं त्याचा 'कुलमुखत्यार', म्हणजे त्याच्या वतीने सह्या करणारा, म्हणवणाऱ्याने केलं आणि ते मुखत्यारपत्रही नुसतं नोटरी केलेलं. मूळ मालकाला त्याच्या घरी जाऊन भेटा. आणा म्हणून सांगू नका, तुम्ही जा.

आणखी एक : एकूण क्षेत्र ५०० चौरस मीटरच्या वर आणि प्लॉटही आठाच्या वर असतील तर महारेराची, म्हणजे घर-प्लॉटच्या प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी क्रमांक 'पी'ने सुरू होतो, जाहिरातीवर क्यूआर कोड लागतो, दलालालाही नोंदणी लागते. नोंदवलेल्या साठेखताशिवाय (विक्रीच्या कराराशिवाय) दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ११,४०,०००चे दहा टक्के १,१४,०००. घेतले ४,०१,०००, तेही नुसते टोकन आणि इसाराचे.

हे सगळं कागदावर मांडून दाद मागायला जा, मग कळतं. शहरातल्या एका पोलीस ठाण्यात सांगतात, जमीन ग्रामीण हद्दीत आहे, तिकडे जा. ग्रामीणच्या ठाण्यात सांगतात, पैसे शहरात दिलेत ना, तिकडे जा. दोन्हीकडे पुढचं वाक्य एकच, 'हा दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा.' अरे, कापलेली झेरॉक्स दिवाणी? दुसऱ्याचा बोजा लपवून पैसे घेणं दिवाणी? भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) मध्ये हेच तर लिहिलंय. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, खबर नोंदवून घ्यायची असते. शून्य क्रमांकाने घ्या आणि पाठवा तिकडे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ते कलम १७३ दाखवलं की ठाणे अंमलदार चिडतो, 'तुम्हीच चालवा मग पोलीस स्टेशन.' शेवटी अर्ज घेतात, पोच देताना तोंड वाकडं करतात, आणि चौकशीला बोलावतात कुणाला? तक्रारदारालाच. समोरचा येतो, साहेबांसमोर 'आठ दिवसांत देतो' म्हणतो, तो दोन लाखांचा चेक देतो, आणि साहेब म्हणतात, 'झालं ना तुमचं काम?' तो चेक परत आल्यावर तेच साहेब, 'आता तर कोर्टाचंच काम आहे.'

महसुलात वेगळी तऱ्हा. तलाठ्याचं पद आता 'ग्राम महसूल अधिकारी' झालंय. पाटी बदलली, दाराला कुलूप तेच. दस्त नोंदणीचं कार्यालय सांगतं, आम्ही दस्त नोंदवतो, मालकी तपासत नाही. कायद्याने ते बरोबरही आहे, म्हणूनच तर राग येतो. मग मालकी तपासतो कोण? एका कार्यालयाचं उत्तर 'हद्दीबाहेर', दुसऱ्याचं 'आमचा अधिकार नाही', तिसऱ्याचं 'माहिती अधिकारात मागा'. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवस, आणि उत्तर काय, तर 'सदर माहिती या कार्यालयात उपलब्ध नाही'. अनधिकृत प्लॉटिंगचा फ्लेक्स मात्र त्याच कार्यालयाच्या रस्त्यावर भर चौकात लागलेला, कुणाला दिसत नाही.

घर शोधणाऱ्याने पहिल्यांदा कामाची जागा धरावी. चिंचोळी एमआयडीसी किंवा विद्यापीठात काम असेल तर बाळे-केगाव बघा, अक्कलकोट रोडच्या कारखान्यांत असेल तर त्याच अंगाला राहा, सिव्हिल हॉस्पिटल, कोर्ट, कलेक्टर कचेरी असेल तर जुन्या भागात लहान फ्लॅट बरा. पहाटेची वंदे भारत किंवा हुतात्मा धरून पुण्याला ये-जा असेल तर स्टेशनपासून दूर जाऊच नका, त्या वेळी रिक्षा शोधणं सोपं नाही. शहराच्या दोन टोकांना नवरा-बायकोची कामं असतील तर मधला भाग भाड्याने घ्या आणि प्लॉटचा विषय पुढे ढकला. कुठलाही भाग पसंत पडला तरी कामाच्या दिवशी, कामाच्या वेळी, स्वतःच्या गाडीवर जाऊन-येऊन बघा. त्यांच्या गाडीत बसू नका.

पैसे देण्याआधी वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि सरकारी मोजणीची 'क' प्रत (मोजणीचा नकाशा), एवढं झाल्याशिवाय टोकनसुद्धा नको. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर गट नंबर टाकला की आधीचे दस्त दिसतात, त्याला पैसे पडत नाहीत. रोख तर अजिबात देऊ नका. आमचे ६०,००० आणि ४५,००० रोखीतच गेले, आणि ते मिळालेच नाहीत असं तो आता शपथेवर सांगतोय.

आणि चेक परत आला असेल तर पोलिसांच्या 'बघू'वर थांबू नका. बँकेचा मेमो हातात पडल्यापासून ३० दिवसांत नोटीस जायला हवी, नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस, आणि ते संपले की महिन्याच्या आत निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ ची फिर्याद. नोटीस स्पीड पोस्टाने, पोच मिळेल अशी, चेकवरच्या नावाने आणि त्याच्या घरच्या पत्त्यावरसुद्धा पाठवा. ऑफिसचा पत्ता भाड्याचा असतो, तो आधीच रिकामा झालेला असतो.