दहा महिने, आठ पाकिटं, सोळा कुंड्या: खतांच्या कॉम्बोचा अनुभव

गेल्या वर्षी गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ऑनलाइन एक ‘होम गार्डन कॉम्बो’ मागवला. आठ पाकिटं आणि मातीत खुपसायचा एक मीटर, सगळं मिळून १,४९९ रुपये. आता जुलै चालू आहे, म्हणजे दहा महिने झाले. बायको म्हणते, एवढ्या पैशात वर्षभराची कोथिंबीर आली असती. तिचं फारसं चूक नाही.

कंपनीचं नाव लिहीत नाही. हाच माल दहा वेगवेगळ्या लेबलांखाली मिळतो आणि माझी तक्रार लेबलावर छापलेल्या दाव्यांबद्दल आहे. जागा सांगतो: मुलुंड पूर्व, तिसरा मजला, पूर्वेची ग्रिल. सकाळी साडेसात ते अकरा ऊन, त्यानंतर समोरच्या टॉवरची सावली. सोळा कुंड्यांत तुळस, मोगरा, जास्वंद, कढीपत्ता, मिरच्या, गोकर्ण आणि हौसेचे तीन टोमॅटो.

मीटरचं आधी उरकून टाकतो. घेऊ नका. दोन सळ्या, बॅटरी नाही, डबीवर ओलावा, ऊन आणि पीएच (माती आम्ल आहे की त्याच्या उलट, याचं माप) असे तीन आकडे. सळ्या वेगवेगळ्या धातूंच्या असतात, ओल्या मातीत त्यांच्यामुळे बारीकसा वीजप्रवाह तयार होतो आणि काटा त्यावर हलतो. मोगऱ्याच्या कुंडीत पाणी घालण्याआधी पीएच ७.८ दाखवला, पाणी घातल्यावर अर्ध्या तासात ६.५. मग पेल्यात नळाचं पाणी घेऊन त्यात सळ्या बुडवल्या. ओलावा ७. चिमूटभर मीठ टाकलं, ओलावा १०. म्हणजे मीठ टाकल्यावर पाणी आणखी ओलं झालं! त्या दिवसापासून मी मातीत बोट पेरभर घालून बघतो. ते फुकट आहे.

आता खतं. माझी नोकरी अकाउंट्समधली, त्यामुळे पाकीट उलटं करून मागचं वाचायची खोड आहे. खतावर जे तीन आकडे असतात ते नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम) यांचे टक्के. १९:१९:१९ म्हणजे १०० ग्रॅम पुडीत १९ ग्रॅम नत्र. (स्फुरद आणि पालाश ऑक्साइडच्या रूपात मोजायची रीत आहे, त्यामुळे प्रत्यक्षातला फॉस्फरस त्या १९ च्या निम्म्याहूनही कमी भरतो. हे मला कळलं तेव्हा जरा फसवल्यासारखं वाटलं, पण जगभर हीच पद्धत आहे.) कॉम्बोतल्या २ किलो गांडूळखतात नत्र साधारण १ टक्का, म्हणजे २० ग्रॅमच्या आसपास. १९:१९:१९ च्या २५० ग्रॅम पुडीत ४७ ग्रॅम. आणि ‘सुपर ग्रोथ बूस्टर’ नावाची जी हिरवी बाटली होती, समुद्री शेवाळाच्या अर्काची, तिच्यावर हे आकडेच नव्हते. शेवाळाच्या अर्कात वाढीला चालना देणारी काही द्रव्यं असतात हे खरं, पण झाडाचं पोट त्याने भरत नाही. बाटली संपली, झाडांत मला काही फरक दिसला नाही. वास मात्र सुक्या बोंबलाच्या टोपलीसारखा.

‘केमिकल’ आणि ‘ऑरगॅनिक’ यावरून आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंशी दहा महिने वाद चालू आहे. मी १९:१९:१९ विरघळवत होतो तेव्हा त्या दारात उभ्या होत्या. “अरे, तुळशीला केमिकल घालतोस? पाप लागेल!” मी म्हटलं, काकू, मुळं नत्र घेतात ते मुख्यतः नायट्रेट नाहीतर अमोनियमच्या रूपात. शेणातून आलं की कारखान्यातून, मुळाला ते कळत नाही. तुम्ही गोमूत्र घालता, त्यातही युरियाच असतो. वोलर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८२८ मध्येच प्रयोगशाळेत युरिया बनवून दाखवला होता. काकूंना वोलरशी काही देणंघेणं नव्हतं.

आणि माझं दुर्दैव असं की नेमकी तुळसच जळली. एका लिटरला १-२ ग्रॅम पुरतं, मी पोहे खायचा चमचा शिगोशीग भरून टाकला. चार दिवसांत पानांच्या कडा तपकिरी, आठवड्यात कुंडीच्या काठाला पांढरट थर. खत शेवटी क्षारच. मुळाभोवती क्षार फार झाले की मुळाला पाणी ओढता येत नाही, उलट त्याचंच पाणी बाहेर जातं. “बघ!” काकू एवढंच म्हणाल्या. कुंडी मोरीत नेऊन तीन वेळा भरभरून पाणी ओतलं, खालून वाहू दिलं, जळलेले शेंडे खुडले. महिन्याभरात नवी पालवी आली. बिनपाण्याचं गोमूत्र ओतलं असतं तरी तुळस अशीच जळाली असती, पण हे काकूंना सांगायची माझी हिंमत झालेली नाही.

काकूंच्या बाजूचं एक मात्र मान्य. नुसत्या १९:१९:१९ वर चालवलेल्या दोन मिरच्यांची माती एप्रिलपर्यंत विटेसारखी घट्ट झाली. नर्सरीत मिळणारी लाल माती तशीच, वाळली की दगड. ज्या कुंड्यांत गांडूळखत होतं तिथे माती भुसभुशीत राहिली. गांडूळखत मी नत्रासाठी घेत नाही, मातीसाठी घेतो.

सगळ्यात जास्त वेळ घेतला टोमॅटोने. ऑक्टोबरात रोपं लावली, जानेवारीत फळं धरली आणि बूड काळं पडायला लागलं. अगदी चामड्यासारखा चपटा काळा डाग. एका व्हिडिओत एप्सम सॉल्ट, दुसऱ्यात अंड्यांची टरफलं, तिसऱ्यात खायचा चुना. (याच चॅनलवर आधीच्या आठवड्यात तुरटी सांगितली होती. तुरटीने माती आम्लाकडे जाते, चुन्याने उलट्या दिशेला. दोन्ही घालणाऱ्याने काय साधायचं?) तीन कुंड्या होत्याच. पहिलीत एप्सम, दुसरीत टरफलं, तिसरीत काहीच नाही. तिला फक्त रोज सकाळी मोजून एक तांब्या पाणी आणि वर सुक्या पानांचा थर.

बूड काळं पडतं ते फळाला कॅल्शियम न पोचल्यामुळे. कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतं, पानं ते आधी ओढून घेतात, फळाच्या बुडाचा नंबर शेवटी. मातीत कॅल्शियम असूनही पाण्याची धरसोड झाली की हे होतं. आणि आमच्याकडे तर धरसोडच: शनिवार-रविवार मनसोक्त पाणी, बाकी दिवस ७.४८ ची लोकल पकडायच्या घाईत अर्धा तांब्या. एप्सम म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, त्यात कॅल्शियमचा कणही नाही. उलट जास्त मॅग्नेशियम मुळांशी कॅल्शियमची वाट अडवतं. एप्समच्या कुंडीत शेवटपर्यंत बुडं काळी होत राहिली. तिसऱ्या कुंडीत पहिली चार फळं गेली, त्यानंतरची चांगली निघाली. तीन कुंड्या म्हणजे प्रयोग नव्हे हे मलाही कळतं. पण मे महिन्यात टरफलांची कुंडी रिकामी केली तेव्हा मातीत टरफलांचे तुकडे जसेच्या तसे होते, एकावर तर अंड्याच्या शिक्क्याची लाल शाई अजून दिसत होती. कुटून पिठासारखी केली असती तर काही विरघळली असती. चुरडून टाकलेली टरफलं म्हणजे कुंडीत ठेवलेली मुदत ठेव.

एप्समचा उपयोगच नाही असं नाही. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, असं दिसलं तर मॅग्नेशियम कमी असू शकतं. कोवळी पानं तशी दिसली तर संशय लोहावर. जुनी पानं सरसकट पिवळी पडली तर नत्र. माझ्या जास्वंदीची कोवळी पानं पिवळी पडली होती आणि मी शहाण्याने तिला हाडांची पूड वाढवून घातली. हाडांच्या पुडीत स्फुरद भरपूर, आणि ते फाजील झालं की झाडाला लोह घेणं आणखी अवघड जातं. पूड मांजराने उकरली म्हणून जास्वंद वाचली.

मोहरीची पेंड. हे खत कामाचं आहे, नत्र चांगलं असतं. पाकिटावर लिहिलं होतं, ‘चार दिवस पाण्यात भिजवून, पातळ करून द्या’. भिजवली. तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला: “सी विंगचं ड्रेनेज चोकअप झालंय का?” चार जणांनी प्लंबरचा नंबर टाकला, सेक्रेटरी स्वतः खाली झाकण उघडून बघायला गेले. मी गप्प. रात्री बारा वाजता बादली कुंड्यांत रिकामी केली. पंधरा दिवसांनी कढीपत्ता असा फुटला की शेजाऱ्यांना वाटून द्यावा लागला, आणि तेव्हाही मी गप्पच. आता पेंड कोरडीच, मूठभर मातीत मिसळून वरून माती ओढतो.

कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा, दाबलेल्या विटेसारखा येतो) चांगलं, पण ते खत नाही. पाणी धरून ठेवतं, अन्न जवळजवळ शून्य. वीट भिजवली की पहिलं पाणी काळ्या चहासारखं निघतं ते ओतून द्या, त्यात क्षार असू शकतात. केळीच्या सालीचं पाणी करून पाहिलं, चिलटं झाली, संपलं.

कुंडीच्या तळाशी खापऱ्या-खडी घातली की पाणी चांगलं निचरतं, ही आमच्या आजीपासूनची समजूत. भांडी घासायचा स्पंज ओला करून आडवा धरा, थेंब थांबले की उभा करा. आणखी पाणी गळेल. तळाशी पाण्याचा ठरावीक जाडीचा थर अडकतोच, मातीची उंची जास्त तेवढं त्याच्या वरचं पाणी निचरून जातं. खडी घातली की मातीची उंची कमी होते आणि तो ओला थर मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर एक खापरी माती अडवायला ठीक आहे. पावसाळ्याआधी सगळ्या कुंड्यांतली खडी काढली. यंदा मोगऱ्याची मुळं अजून कुजलेली नाहीत.

पावसाचं म्हणाल तर मुंबईत जून ते सप्टेंबर साधारण दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि नायट्रेटला माती धरून ठेवत नाही. जूनमध्ये घातलेलं नत्र धो धो पावसात खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरीवर जातं, लाल मातीसकट. त्यामुळे आता चार दिवस उघडीप मिळाली तरच अर्ध्या प्रमाणात १९:१९:१९ देतो.

पुढच्या वेळी गांडूळखत, पेंड आणि १९:१९:१९ सुटं आणणार, बाकी काही नाही. एप्सम सॉल्टचं पाकीट अर्ध्याहून जास्त उरलंय. आईचे पाय दुखतात, ती रात्री टबात गरम पाणी घेते, त्यात मूठभर टाकते आणि पाय बुडवून मालिका बघत बसते. बरं वाटतं म्हणते. एप्समने की नुसत्या गरम पाण्याने, हे मी तिला विचारलेलं नाही.