आकडे ताणायचे की मांडणी बदलायची? रिअ‍ॅक्ट नेटिव्हमधल्या दोन वाटा

रिअ‍ॅक्ट नेटिव्ह म्हणजे जावास्क्रिप्टमधून मोबाइल अ‍ॅप बनवायचं फ्रेमवर्क. त्यात नवं अ‍ॅप सुरू केलं की लहानमोठ्या स्क्रीनवर ते नीट कसं बसवायचं, हा प्रश्न पहिल्या आठवड्यातच उभा राहतो. वेबवरून आलेला माणूस आधी मीडिया क्वेरी, म्हणजे स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे स्टाइल बदलणारा नियम शोधतो, पण ती इथल्या स्टाइलशीटमध्ये नाहीच. मग दोन वाटा दिसतात. प्रत्येक आकडा स्क्रीनच्या प्रमाणात लहानमोठा करायचा, किंवा आकडे तसेच ठेवून रुंदीप्रमाणे मांडणी बदलायची.

निवडण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. इथला आकडा म्हणजे पिक्सेल नव्हे. तुम्ही १६ लिहिता तेव्हा तिप्पट घनतेच्या (तेवढ्याच जागेत जास्त बारीक पिक्सेल असलेल्या) फोनवर ते ४८ पिक्सेल होतात. घनतेचा हिशेब फ्रेमवर्क आधीच करतं. तेवढ्यासाठी प्रमाणाची लायब्ररी लावायची गरज नाही.

पहिल्या वाटेवरची माहितीतली लायब्ररी म्हणजे साइज मॅटर्स. ती ३५० बाय ६८० चा फोन पायाभूत धरते. डिझाइनमधला आकडा तिच्या 'स्केल' या फंक्शनमध्ये गुंडाळला की काम झालं, आणि हा वेग खरा आहे. ३६० रुंदीच्या फोनवर १६ चे साधारण १६.५ होतात, म्हणजे काहीच बिघडत नाही. पण ८०० रुंदीच्या टॅबलेटवर त्याच १६ चे ३६.६ होतात! 'मॉडरेट स्केल' ही वाढ निम्मी करतं, तरी २६.३ उरतातच. टॅबलेट घेणाऱ्याला जास्त मजकूर दिसायला हवा असतो. आपण त्याला फुगवलेला फोन देतो. शिवाय हे माप अ‍ॅप सुरू होताना एकदाच घेतलं जातं. घडीचा फोन मध्येच उघडला किंवा स्क्रीन दोन अ‍ॅपमध्ये विभागली, तरी जुनेच आकडे चालू राहतात.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते अक्षरांचं. माझ्या आईने फोनच्या सेटिंगमध्ये अक्षरं मोठी करून ठेवली आहेत. रिअ‍ॅक्ट नेटिव्ह ती सेटिंग आपणहून पाळतं, त्यामुळे मजकूर वाढतो. बटणाची उंची मात्र स्क्रीनच्या प्रमाणात बांधलेली, ती जागची हलत नाही. मी केलेल्या एका अ‍ॅपमध्ये तिला 'पुढील पायरी' या बटणावरची वेलांटी अर्धी कापलेली दिसली. देवनागरीत मात्रा वर आणि उकार खाली, दोन्हीकडे जागा लागते. इंग्रजीवर बेतलेली लाइन हाइट (ओळीची उंची) इथे पुरत नाही. म्हणून बटणाला उंची न देता किमान उंची आणि पॅडिंग (मजकुराभोवतीची मोकळी जागा) द्या. कुठलीही वाट निवडली तरी एवढं कराच.

दुसऱ्या वाटेवर फ्लेक्स, म्हणजे उपलब्ध जागा वाटून घेणारी मांडणी, आणि खिडकीचं माप देणारं 'यूज विंडो डायमेन्शन्स' हे तयार फंक्शन, म्हणजे हूक. रुंदी बदलली की हूक नवा आकडा देतो आणि कंपोनंट (स्क्रीनचा तुकडा) पुन्हा रेंडर होतो, म्हणजे नव्याने काढला जातो. ६०० च्या खाली एक रकाना, वर दोन. गूगलची डिझाइन नियमावली मटेरिअल डिझाइनही 'कॉम्पॅक्ट' म्हणजे अरुंद स्क्रीनची हद्द ६०० डीपीलाच (घनतेवर न ठरणारं अँड्रॉइडचं माप) आखते. मेहनत इथे जास्त आहे. रुंदीवर ठरणारी स्टाइल कंपोनंटच्या आत आणावी लागते, प्रत्येक स्क्रीन दोनदा तपासावी लागते. फ्लॅटलिस्ट या यादीच्या कंपोनंटचे रकाने चालू असताना बदलले तर एरर येते. रकान्यांच्या संख्येबरोबर यादीची ओळख सांगणारी 'की' बदलली तर ही एरर जाते.

वेबवर तयार क्लासची नावं लिहून स्टाइल देणाऱ्या टेलविंडचा हात बसलेली टीम असेल, तर त्याच पद्धतीची रिअ‍ॅक्ट नेटिव्हसाठीची लायब्ररी नेटिव्हविंड घ्या. तीही दुसरीच वाट, फक्त क्लासच्या रूपात. तिच्या मूळ हद्दी ६४० आणि ७६८ पासून सुरू होतात, त्या गरजेप्रमाणे बदलून घ्या.

ठरवायचं कसं? अ‍ॅप फक्त कर्मचाऱ्यांसाठी असेल आणि सगळ्यांच्या हाती एकाच मॉडेलचा फोन असेल, तर पहिली वाट खुशाल धरा, वेळ वाचेल. प्ले स्टोअरवर जाणाऱ्या अ‍ॅपसाठी मी दुसरीच सुचवेन. 'आम्ही पोर्ट्रेट लॉक करतो', म्हणजे अ‍ॅप उभंच ठेवतो, हा बचावही आता टिकत नाही: अँड्रॉइड १६ ला टार्गेट केलेल्या (त्या आवृत्तीसाठी बनवलेल्या) अ‍ॅपचं ते बंधन ६०० डीपी आणि त्याहून मोठ्या स्क्रीनवर सिस्टिम सहसा मानत नाही.

जुन्या प्रोजेक्टमध्ये सगळीकडे 'स्केल' पसरलं असेल तर एकदम उपटू नका. आधी फॉन्टवरून काढा, मग ठरावीक उंचीवरून. आयकॉन आणि चित्रांवर राहिलं तरी चालेल.