बॅबिलॉन ५ चा 'बिलिव्हर्स' एपिसोड – स्पॉयलर आहेत, आधी बघून या

बॅबिलॉन ५ ही अवकाश स्थानकावर घडणारी सायन्स फिक्शन मालिका, तिच्या पहिल्या सीझनमधला, १९९४ चा एपिसोड आहे हा, पण काल परत बघितला आणि रात्री झोपच लागेना. शॉन नावाचं परग्रहावरचं लहान पोरगं, त्याला श्वास घेता येत नाहीये, डॉक्टर फ्रँकलिन म्हणतो साधं ऑपरेशन आहे, करू या. पण आईबाप ठाम, शरीर चिरलं की आत्मा निघून जातो, चिरतात ते फक्त जनावरांना. आणि ते अजिबात दुष्ट दाखवलेले नाहीत हो, पोटच्या पोरासाठी एकेका राजदूताचे उंबरठे झिजवतात, कुणी हात द्यायला तयार नाही. स्थानकाचा कमांडर सिंक्लेअर पण परवानगी नाकारतो, मला त्याचं पटलं.

तरी फ्रँकलिन ऑपरेशन करतोच. पोरगं वाचतं, बरं वाटतंय म्हणतं, आणि आईबाप त्याच्याकडे असं बघतात जणू ते त्यांचं राहिलंच नाही! नंतर शांतपणे येऊन त्याला प्रवासाचा झगा घालून घेऊन जातात, तो झगा कशासाठी असतो हे डॉक्टरला कळेपर्यंत उशीर झालेला असतो, मेणबत्त्यांच्या मधे ते पोर निपचित पडलेलं... पोटात खड्डाच पडतो.

फ्रँकलिनचा हेतू चांगलाच होता, पण त्यांची श्रद्धा नीट समजून घ्यायला त्याने वेळच दिला नाही, माझा खरा राग त्यावर आहे. फ्रँकलिन झालेल्या रिचर्ड बिग्सने तो हेका आणि शेवटचं कोसळणं दोन्ही जबरदस्त केलंय. स्थानकावरची अधिकारी इव्हानोव्हा, तिचा जहाजाचा ट्रॅक उगाच घुसवलाय, मेकअप, सेट जुनाट वाटतील. तरी बघाच.