ठाण्यासाठी वर्तुळाकार मेट्रो की बससाठी राखीव मार्गिका?

ठाण्याच्या वर्तुळाकार मेट्रोला केंद्राने ऑगस्ट 2024 मध्ये मंजुरी दिली. 29 किलोमीटर, 22 स्थानकं, खर्च सुमारे 12,200 कोटी. म्हणजे किलोमीटरला साधारण 420 कोटी. विजेवर चालणारी एक बस दीड कोटीला धरली, तर एका किलोमीटरच्या पैशांत 280 बस येतात. अर्थात ही तुलना अर्धीच आहे. चालक, वाहक, आगार, चार्जिंग हा बसचा खर्च दरवर्षीचा असतो.

मेट्रोची खरी बाजू स्टेशन परिसरात कळते. नौपाडा, राबोडीच्या अरुंद रस्त्यांवर बससाठी वेगळी मार्गिका काढायची कुठून? तिथे भुयारातूनच वाट निघते. घोडबंदर रोड मात्र रुंद आहे. तिथे मार्गिका आखता येईल, पण इतर गाड्या आत शिरू नयेत म्हणून रोज पहारा लागेल.

मला जास्त काळजी अंदाजांची वाटते. 2029 मध्ये रोज 6.47 लाख प्रवासी, असं गृहीत धरलं आहे. पण तोवर मेट्रो होईलच असं नाही. शेजारच्या नवी मुंबईत बेलापूर ते पेंधर ही 11 किलोमीटरची मेट्रो 2011 मध्ये सुरू झालेल्या कामानंतर नोव्हेंबर 2023 मध्ये धावली. तेवढ्या वर्षांत माणसं दुचाकी घेतात, कर्ज काढून गाडी घेतात, आणि मग ती सवय सुटत नाही. बसचा मार्ग चुकला तर महिन्याभरात बदलता येतो. मेट्रोचे खांब हलवता येत नाहीत.

म्हणून माझं मत: मेट्रो होऊ द्या, पण घोडबंदरची मार्गिका त्याआधी, याच वर्षी आखा.