शेनिन ब्लां की शिराझ?
ठाण्यात घरी पाहुणे जेवायला येणार आणि बाटली हजाराच्या आसपास बसवायची, तर मी नाशिककडच्या या दोन वाइनमधूनच निवडते: शेनिन पांढरी, शिराझ लाल.

मासे असतील तर शेनिनच. तिच्यात किंचित गोडवा आणि छान आंबटपणा असतो, त्यामुळे रवा लावून तळलेल्या सुरमईच्या तुकडीशी तिचं मस्त जमतं, तिखटही जिभेवर चढत नाही. शिराझचं उलट. द्राक्षाच्या सालीतून उतरलेलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, माशाबरोबर धातूसारखी चव देतं, वर मिरचीचा जाळ वाढवतं. पण भाजलेल्या खोबऱ्याचं, मिरी घातलेलं सुकं मटण केलंत, तर शिराझला तोड नाही. तिला स्वतःलाच मिऱ्याचा वास असतो.

रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा नियम थंड देशांतला. मे महिन्यात घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमध्ये पारा तिशीच्या वर असतो, आणि अशी कोमट शिराझ नुसती अल्कोहोलने झणझणते. म्हणून आधी तास-दीड तास फ्रिजमध्ये ठेवाच. 16 ते 18 अंश पुरेत. शेनिन मात्र 8 ते 10 अंशांपर्यंत गार हवी.

वाढदिवसाला, पहिल्यांदाच वाइन चाखणारे असतील तर डोळे झाकून शेनिन घ्या. उरली तर झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस चांगली राहते.